वामनरावाचं घर कोणी सरकवलं?

१

रविवारी सकाळी कॉम्प्युटरचा पडदा हिरवा झाला, अन् वामनरावाचं घर जागेवर नव्हतं.

विटा-चुन्याचं घर होतं तिथंच होतं, महाल नावाच्या वस्तीतल्या आमच्या गल्लीच्या पार टोकाले. हललं होतं ते पडद्यावरचं. वसंतच्या कॉम्प्युटर क्लासात आमच्या विणकर समाजाचा सोयरिकीचा नकाशा तयार होऊन राह्यला होता. एक घर म्हणजे एक चौकोन, आत घरमालकाचं नाव इंग्रजी अक्षरात. या घरची पोरगी त्या घरी दिली असन तं दोन चौकोनांच्या मधात रेघ, अन् पोरगी जिकडं गेली तिकडं रेघेले बाण. उपवर मेळाव्यात हे मशीन मांडाचं, म्हणजे कोण कोणाचा साळा अन् कोण कोणाचा व्याही, सारं एका नजरेत दिसन.

शनिवारी वामनरावाचा चौकोन डाव्या कोपऱ्यात होता. रविवारी तो निघाला उजवीकडं, तुळजाबाईच्या चौकोनापाशी. चिकटून नाही, बोटभर अलीकडं. माणूस कोणाच्या पायरीशी येऊन उभा राह्यते ना, तसा. अन् मधात एक नवी रेघ. बाण तुळजाबाईच्या घराकडं.

आता तुमी म्हणसान, त्यात काय झालं. सांगतो. वामनराव अन् तुळजाबाई एका गल्लीत राहून बोलत नाहीत. तुळजाबाईच्या मोठ्या पोरीच्या लग्नात मानाचा शेला वामनरावाच्या खांद्यावर पडाचा होता, तो गर्दीत दुसऱ्याच पाहुण्याच्या खांद्यावर पडला. वामनराव जेवल्याबिगर उठले. तवापासून सामोरून तुळजाबाई आली की वामनरावाले दुकानाच्या पाट्या वाचाची आवड लागते.

वामनरावांले एकच पोरगा, गुणवंत. तुळजाबाईच्या घरी लग्नाची एकच पोरगी राह्यली, अरुंधती. अन् हा नकाशा लिहिणारी, मशीन चालवणारी पोट्टी कोण, तं तेच अरुंधती.

"हे काय होय," मंडळाचे अध्यक्ष मारोतराव चष्मा पुसत म्हणाले, "गुणवंत घरजावई चालला का तुळजाबाईकडं? बाण तं तेच सांगून राह्यला."

सारे हसले. अरुंधती हसली नाही. तिनं पदर खांद्यावर ओढला अन् कीबोर्डकडं पाहत राह्यली.

मारोतरावाचं हसू बी लवकरच संपलं. "या पोरीशिवाय मशीन कोणाले समजते गा? आपली सोयरीक आपल्याच हातानं लिहून टाकली म्हणा लागन. संध्याकाळी मंडळ बसते. तोवर खरं काय ते निघालं नाही, तं हिनं लिहिलेल्या प्रोग्रामची फ्लॉपी बाद. अन् मेळाव्यात ही मशीनपाशी बसणार नाही."

एवढ्यावर थांबत नाही हो गोष्ट. दुपारपर्यंत गल्लीत, उद्या उमरेडच्या पाहुण्यांत. लग्नाच्या पोरीनं स्वतःच नवरा पसंत करून पडद्यावर लावला, ही बातमी मेळाव्याच्या आधी मेळाव्यात पोचली असती.

तेवढ्यात वामनराव बोलले. मोठ्यानं बोलले. "पोरीले मधात आणू नका. हे काम इसरदासचं हाये."

साऱ्यांनी माना वळवल्या. इसरदास म्हणजे मी.

२

माझं बिछायत केंद्र हाये. मांडव, सतरंज्या, भोंगे, खुर्च्या. समाजात लग्न कोणाचंही असो, खांब माझे. अन् खोडी काढाची सवय लहानपणची. मारोतरावाच्या स्कूटरले मुंडावळ्या बांधून ती गल्लीभर मिरवली, तो मीच. वसंतच्या क्लासबाहेर 'येथे ताक मोफत मिळेल' अशी पाटी लावली, तो बी मीच. चार बाया ताकासाठी गंज-पातेली घेऊन वरपर्यंत गेल्या होत्या.

म्हणून माझं नाव निघालं तवा कोणालेच नवल वाटलं नाही. शनिवारी मी दिवसभर नरखेडले मांडव सोडाले गेलो होतो, संत्र्याची थैली घेऊन शेवटच्या एस्टीनं आलो. पण ते सांगून मजा काहून घालवू?

घरी गेलो तं कौशल्या, म्हणजे आमची बायको, तांदूळ निवडून राह्यली होती. वर पाह्यल्याबिगर म्हणाली, "तुमीच केलं असन."

"नाही वं."

"मंग तुमच्यापेक्षा बदमाश कोणी निघाला. शोधा त्याले. त्या पोरीचं नाव निघून राह्यलं लोकांच्या तोंडी, ते मले पटत नाही."

मले बी पटत नव्हतं. पहिले गेलो वसंतकडं. क्लासच्या बाहेर चपला काढाच्या, आत पंखा हळू, मशीनवर झाकण. देवघर परवडलं.

"काकाजी, हे भांडण लायब्ररीचं हाये," वसंत म्हणाला.

"इथं पुस्तक कुठी हाये बाप्पा?"

"पुस्तकाची नाही. लायब्ररी म्हणजे तयार तुकडे. चौकोन कसा काढाचा, रेघ कशी ओढाची, हे कोणीतरी लिहून ठेवलेलं राह्यते. आपण ते तुकडे घ्यायचे अन् आपलं काम उभं कराचं."

"म्हणजे माझे पाइप. मांडव माझा, पाइप कारखान्याचे."

"हो. अन् एकदा ज्याचे पाइप घेतले त्याच्यावरच सारा मांडव. मधात बदलता येत नाही."

तीन फ्लॉप्या त्यानं टेबलावर मांडल्या. एक पुण्याहून मागवलेली, कव्हर चकचकीत. एक इंजिनिअरिंगवाल्या मित्राची. तिसरी अरुंधतीनं हिवाळाभर बसून स्वतः लिहिलेली. आज संध्याकाळी मंडळ यातली एक निवडणार होतं.

"तुले कोणती पाहिजे?"

वसंतनं पुण्याच्या फ्लॉपीवरून बोट फिरवलं. "मी तं मारोतरावांले हीच सांगितली. किती सुंदर चौकोन काढते. गोल कोपरे."

"मंग अरुंधतीची बाद झाली तं तुझीच येते."

त्याचं बोट थांबलं. "काकाजी, तुमी मले विचारून राह्यले का माझ्यावर नाव घेऊन राह्यले?"

"जे तुले लागन ते," म्हणून मी खुर्ची ओढली. तेवढ्यात दारात अरुंधती. डोळे लाल, आवाज मात्र सरळ.

"बसा काका. तुमाले काही दाखवाचं हाये. ते पाह्यल्यावर माझ्यावरचा आळ अर्धा जाते अन् अर्धा वाढते."

३

तिनं पहिले पुण्याची फ्लॉपी घातली. दोन चौकोन, मधात रेघ. मंग बाणाची बटणं दाबून एक चौकोन सरकवला. चौकोन गेला, रेघ तिथंच लोंबकळत राह्यली, मांडव सोडल्यावर खांबाले राह्यलेली फुलाची माळ जशी.

"ही नुसतं चित्र काढते," ती म्हणाली. "रेघ कोणाची हाये हे हिले माहीतच नाही."

मंग मित्राची. तिच्यात चौकोनासंगं रेघ गेली. पण नवी रेघ जोडाची तं प्रोग्रामात जाऊन लिहा लागते. ते दोघांलेच येत होतं, तिले अन् वसंतले.

शेवटी तिची स्वतःची. एका चौकोनावर जाऊन एफ-टूचं बटण दाबलं, दुसऱ्यावर जाऊन परत दाबलं. रेघ तयार. चौकोन इकडं ने, तिकडं ने, रेघ लहान-मोठी होत मागं मागं.

"आता सकाळची रेघ पाहा."

वामनरावाचा चौकोन तिनं पायरीवरून उचलला अन् डाव्या कोपऱ्यात नेला. रेघ ताणत ताणत सारा पडदा पार करून त्याच्यासंगं गेली. तुटली नाही. मंग चौकोन परत होता तिथं, पायरीशी आणून ठेवला.

मी मांडीवर थाप मारली. म्हणजे ती रेघ रंगवलेली नव्हती, जोडलेली होती. अन् जोडली होती याच फ्लॉपीवर, जिथं एकच बटण दोनदा दाबा लागते. वाटीत मीठ टाकण्याइतकं सोपं.

"हे बटण कोणाकोणाले माहीत हाये?"

"साऱ्यांले. शनिवारी मीच शिकवलं. मारोतराव, वामनकाका, गुणवंत. जो तो आपापल्या घरची नावं तपासाले मशीनपाशी बसला. मी बाहेर गॅलरीत होते."

आळ अर्धा गेला तो असा. वसंतचं नाव बी माझ्या डोक्यातून तिथंच गेलं. अरुंधतीची फ्लॉपी बुडवाची असती तं त्यानं साऱ्या रेघा गुंतवल्या असत्या. हिच्या फ्लॉपीचा सर्वांत मोठा गुण मंडळासमोर दाखवणारी खोडी तो काहून करन?

"अन् वाढलेला अर्धा?" मी विचारलं.

तिनं बाणावर बोट ठेवलं. "मी सांगून ठेवलं होतं, पहिले पोरीच्या घरावर दाबाचं, मंग पोराच्या. म्हणजे बाण बरोबर लागते. ही रेघ उलटी हाये. लोक म्हणतीन, घाईघाईत चोरून केलं म्हणून चुकलं."

"अन् खरं काय?"

"खरं एवढंच की मी रेघ ओढली असती काका, तं बाण बरोबर दिशेनं असता."

तिनं हे असं सांगितलं, की मी पुढं काही विचारलं नाही. ओढलीच नसती, असं ती म्हणाली नव्हती.

४

तुळजाबाईचं घर क्लासच्या बरोबर सामोर. तुळजावहिनी ओट्यावर होत्या. दोरीवर एक शेला उन्हात टाकलेला, जरीचे काठ, घडीच्या रेषा अजून तशाच.

"काय वहिनी, शेला कोणाचा?"

"पेटीतला होय. कसर लागते म्हणून माघात ऊन दाखवते." त्यांनी उगाच त्याचा काठ सारखा केला. "इसरदासभाऊ, माझ्या पोरीचं काय चालवलं त्या लोकांनी?"

"त्याच्यासाठीच फिरून राह्यलो. तुमी वर गेल्या होत्या का शनिवारी?"

"माझे गुडघे त्या जिन्याले घाबरतात." मंग दुसरीकडं पाहत विचारलं, "खरंच का? सकाळी ते इथं, माझ्या घरापाशी येऊन उभे होते म्हणे? पडद्यावर?"

"हो. बोटभर अलीकडं."

"बसा म्हणणारं कोणी नसन," एवढंच म्हणाल्या अन् आत गेल्या.

गुणवंत मले चौकातल्या पानठेल्यापाशी सापडला. हा पोट्टा रोज संध्याकाळी टायपिंग शिकाले क्लासात जाते. दिवाळीपासून शिकून राह्यला, अन् अजून एकाच बोटानं टाइप करते.

"तू केलं का बे?"

"काका, माझ्यात एवढी हिंमत असती तं मशीनची काय गरज होती?"

"बाबांले सांगितलं कधी?"

"बाबांसमोर त्या घराचं नाव काढलं की बाबा पंचांग वाचाले घेतात."

मले तो खरा वाटला. शिवाय रोज तिच्या बाजूले बसून त्यानं तिले हजार रेघा जोडताना पाह्यलं होतं. त्याचं एक बोट बी पहिले पोरीच्या घरावरच गेलं असतं.

मंग उलटी रेघ कोण ओढन? ज्याच्या डोक्यात सोयरीक दुसऱ्याच बाजूनं सुरू होते, तो. अन् दुसरी गोष्ट मले सकाळपासून टोचत होती. रेघ जोडाले घर सरकवा लागतच नाही. पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ जाते. तरी कोणीतरी वेळ घालवून वामनरावाचं घर पार तिथवर चालवत नेलं. तुळजाबाईचं घर मात्र जागचं हललं नव्हतं.

थैलीतून तीन-चार संत्री काढली, खिशात खडू टाकला, अन् निघालो खोडी काढाले.

५

पहिले मारोतराव. ओट्यावर दोन संत्री ठेवली, हातभर अंतरानं. "अध्यक्षसाहेब, माझ्या साळ्याच्या पोराचं जमून राह्यलं. पडद्यावर कसं दिसन? हे पोराचं घर, हे पोरीचं. जोडून दाखवा."

मारोतरावांनी पोरीच्या संत्र्यापासून पोराच्या संत्र्यापर्यंत सरळ खडू ओढला, बाण काढला, अन् पोराचं घर सोलून खाल्लं.

गुणवंतनं बी तसंच केलं. खाल्लं नाही एवढंच.

मंग वामनराव. घरासमोर खाटेवर बसले होते. मले पाहून भिवया वर गेल्या.

"कबूल कराले आला का?"

"आधी एक अडचण हाये, वामनराव." खाटेवर दोन संत्री ठेवली. तीच साळ्याच्या पोराची गोष्ट सांगितली. "हे पोराचं, हे पोरीचं. जरा जोडून दाखवा."

वामनरावांनी खडू घेतला. पोराच्या संत्र्यावर टेकवला. मंग थांबले. खडू खाली ठेवला, पोराचं संत्रं दोन्ही हातांनी उचललं, अन् हळूच पोरीच्या संत्र्यापाशी नेऊन ठेवलं. बोटभर अलीकडं. मंग मधात एवढीशी रेघ ओढली, अन् बाण पोरीच्या घराकडं.

मी त्या दोन संत्र्यांकडं पाह्यलं. ते बी त्या संत्र्यांकडं पाहत राह्यले.

"घर काहून सरकवलं, वामनराव?"

"मागणी घालाले पोराच्या बापानं चालत जा लागते गा," ते सवयीनं म्हणाले. "पोरीच्या दारी. आमच्या बापानं असंच केलं, त्याच्या बापानं बी. बसल्या जागेवरून मागणी होत..." अन् तिथं त्यांले समजलं.

गल्लीतून एक सायकल रिक्षा गेली. वामनराव तिच्यावरची पाटी वाचाले लागले. तिच्यावर पाटी नव्हती.

६

"गुणवंत बोलत नाही," शेवटी ते म्हणाले. "पण जेवताना त्याचं लक्ष कुठी राह्यते, ते दिसते मले. पोरगी सोन्यासारखी. पण जाऊ कसा? त्या दारासमोरून मी मान फिरवून जातो, आता त्याच दाराची कडी वाजवू? अन् तिनं उघडलंच नाही तं?" खडू बोटात फिरवत राह्यले. "शनिवारी मशीनपाशी बसलो. वाटलं, इथं जाऊन पाहावं. इथं कोणी दार लावत नाही. सकाळी कोणी पाहन, म्हणन की चांगली सोयरीक हाये, मंग मी जाईन. तं लोक हसले. अन् पोरीवर आलं."

"म्हणून माझं नाव घेतलं."

"तुझ्यावर टाकलं तं कोणाले काही वाटत नाही." अन् हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं, की मले रागच आला नाही.

"ठीक हाये. संध्याकाळी मी कबूल करतो. पोरगी सुटते, तुमी बी सुटता."

वामनरावांनी माझा हात धरला.

संध्याकाळी क्लासबाहेर चपलांचा ढीग. मी उठलो, पाप्यासारखं तोंड केलं. ते मले चांगलं जमते. "मंडळी, खोडी माझी. शनिवारी मीच घर सरकवलं."

"मले माहीतच होतं," मारोतराव म्हणाले.

"नाही," अरुंधती म्हणाली.

मी तिले डोळा मारला. तिनं पाह्यलं न पाह्यलं केलं.

"दुपारी मारोतकाकांनी खाल्लेलं संत्रं कुठचं होतं? इसरदासकाका शनिवारी नरखेडले होते, शेवटच्या एस्टीनं आले. माझ्यासाठी दुसऱ्यानं खोटा आळ घेऊ नये. खरं निघत नसन तं माझी फ्लॉपी बाद करा." तिनं फ्लॉपी काढून मारोतरावाच्या पुढ्यात ठेवली. "मी जाते."

माझी आयुष्यातली एकच चांगली खोडी, अन् तीच फसली.

अरुंधती दारापर्यंत पोचली असन, तं मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांब वं माय," वामनराव म्हणाले. "रेघ माझी होय."

गुणवंतच्या तोंडावरचा रंग जाऊन परत आला.

"अन् तिथं उभं राहून काही होत नाही, हे आता समजलं," पडद्याकडं हात करून वामनराव म्हणाले, अन् जिना उतराले लागले. बिनाचपलेचेच. आमी सारे गॅलरीत धावलो. खाली वामनराव गल्ली पार करून गेले, तुळजाबाईच्या पायरीशी थांबले. बोटभर अलीकडं. देवाशपथ, तेवढंच अंतर.

कडी वाजवाची वेळच आली नाही. वहिनी दारातच होत्या.

"सकाळपासून येऊन उभे हायेत म्हणे," त्या म्हणाल्या. "आत या."

"आधी ऐकून घ्या. मी गुणवंतसाठी मागणी..."

"ऐकते. पण एक काम राह्यलं हाये माझं." आत गेल्या, शेला घेऊन आल्या, अन् वामनरावाच्या खांद्यावर टाकला. "हा तुमच्याच नावाचा होता. त्या दिवशी खांदा चुकला, तो मी मागून परत आणून पेटीत ठेवला. मंग तुमी मान फिरवून जाता, द्यावा तं कोणत्या बाजूनं द्यावा?"

वामनरावांनी शेल्याचं टोक डोळ्यांले लावलं. उगाच, काठ पाहण्यासाठी.

"मागणी आली, मानही झाला," वहिनींनी वर गॅलरीकडं पाह्यलं. "पण उत्तर माझं नाही. तिले विचारा."

साऱ्यांच्या माना अरुंधतीकडं. ती वळली. आत गेली, मारोतरावाच्या पुढ्यातली फ्लॉपी उचलून मशीनमध्ये घातली. आमी मागं मागं. तिनं पहिले ती उलटी रेघ पुसली. मंग आपल्या आईच्या चौकोनावर गेली, एफ-टू दाबलं. वामनरावाच्या चौकोनावर गेली. अन् हात मागं घेतला.

"दुसरं बटण तू दाब," गुणवंतले म्हणाली. "तेवढं येते ना तुले?"

गुणवंतनं एका बोटानं दाबलं. रेघ उमटली. बाण बरोबर.

मारोतरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पुण्याची चकचकीत फ्लॉपी वसंतच्या हातात दिली. "ही तुमच्याजवळ ठेवा. आमाले ते गोल कोपरे नाही पाहिजे. जिच्यात घर हललं तरी रेघ सुटत नाही, ते पाहिजे. अन् पोरी, सकाळी मी बोललो ते..."

"मेळाव्यात मी बसते ना मशीनपाशी?" तिनं विचारलं.

"तूच बसशील. दुसरं कोण बसन?"

"मंग झालं."

वसंतनं पडदा न्याहाळला. "तो चौकोन तं परत डाव्या कोपऱ्यात न्या लागन. मूळ जागा तेच हाये."

खिडकीतून मी खाली आवाज दिला, "वामनराव, तुमचं घर जागेवर नेऊ का?"

ओट्यावर शेला पांघरून ते चहा पिऊन राह्यले होते. "राहू दे गा तिथंच," म्हणाले.

घरी येऊन कौशल्याले सारं सांगितलं. संत्री, खडू, शेला, सारं. तिनं ऐकून घेतलं, उरलेलं संत्रं सोललं, अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

"हं," म्हणाली. "तुमीच केलं असन."